हा डोस मोजू नये

माझ्या कन्सल्टिंगच्या टेबलावर काचेखाली लसीकरणाची दोन वेळापत्रकं आहेत. डावीकडचं सरकारचं, उजवीकडचं आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, म्हणजे आयएपीचं. दोन्ही त्याच बाळासाठी आहेत आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. नवव्या महिन्यात डावा कागद एमआर सांगतो, गोवर आणि रुबेलाची. उजवा एमएमआर सांगतो, त्यात गालगुंडाची लस जास्तीची. कांजिण्या, टायफॉइड, हिपॅटायटिस ए, फ्लू ही नावं फक्त उजवीकडे. आयांच्या नजरेतून काही सुटत नाही. काचेवर बोट ठेवून विचारतात, "मॅडम, सरकारी दवाखान्यात ही लस देत नाहीत. मग तुम्ही का देताय?"

या प्रश्नात पैशाचा संशय असतो आणि असावाच. मी सांगते, की सरकारला कोट्यवधी मुलांचा हिशेब करावा लागतो. जो आजार जास्त मुलं मारतो त्याची लस आधी. गालगुंडाने मूल सहसा दगावत नाही, पण एखाद्याचा कान कायमचा जातो, आणि माझ्यासमोर बसलेलं मूल एकच असतं. काहीजणी घेतात, काहीजणी नवऱ्याला विचारून सांगते म्हणतात. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात गालगुंडाचे पेशंट वाढले तेव्हा त्यातल्या काही परत आल्या.

म्हणजे सरकारी मार्गदर्शनापासून मी रोजच बाजूला होते. नाशिकमधला, किंबहुना महाराष्ट्रातला, खासगीत बसणारा प्रत्येक बालरोगतज्ज्ञ होतो. मेडिकल कौन्सिलने त्याबद्दल कुणाला बोलावल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यामुळे लस आणि लायसन्स हे दोन शब्द एका वाक्यात येऊ शकतात हे माझ्या डोक्यातही नव्हतं. ते आणून दिलं माझ्या बीजे मेडिकलच्या बॅचमेटने. ती दक्षिण कॅलिफोर्नियात मुलांची डॉक्टर आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. मे महिन्यात अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी निरोगी मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठीची कोविड लसीची शिफारस काढून टाकली होती. जूनमध्ये सीडीसीला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेला, लसींबाबत सल्ला देणाऱ्या समितीचे सगळे, म्हणजे १७, सदस्य एका फटक्यात घरी पाठवले. ऑगस्टमध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, एएपीने, स्वतःचं वेळापत्रक जाहीर केलं आणि सहा ते तेवीस महिन्यांच्या सगळ्या बाळांना कोविडची लस द्या असं म्हटलं. त्यावर मंत्रिमहोदयांनी जाहीर इशारा दिला, की सीडीसीच्या यादीपासून वेगळ्या शिफारशींना १९८६ च्या कायद्याचं संरक्षण मिळणार नाही.

या १९८६ च्या कायद्याची गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते. लसीमुळे मुलाला खरोखर इजा झाली, तर पालकांनी डॉक्टर आणि कंपनीवर थेट खटला भरण्याऐवजी आधी एका भरपाई निधीकडे जायचं, अशी ती व्यवस्था. निधीचे पैसे लसीवरच्या करातून येतात, लस ज्या ज्या आजारापासून वाचवते त्या प्रत्येक आजारामागे दर डोसला ७५ सेंट. मात्र लस सीडीसीने मुलांना किंवा गरोदर स्त्रियांना सरसकट द्यायला सांगितलेली असली पाहिजे. कोविडची लस या व्यवस्थेत कधी नव्हतीच. तिचं संरक्षण वेगळ्या, आणीबाणीच्या कायद्याखाली. पण इशारा ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यायला एवढा तपशील लागत नाही.

"अगं, मूल तपासायच्या आधी वकिलाला विचारायचं का आता?" ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, तुझं लायसन्स सीडीसीकडे आहे का? नाही. ते कॅलिफोर्नियाच्या मेडिकल बोर्डाकडे आहे. सीडीसी शिफारस करते. ती मोडली म्हणून कुणाचं नाव रजिस्टरवरून कापण्याचा अधिकार तिला नाही. बोर्ड एवढंच पाहणार की समंजस डॉक्टर जे करेल ते तू केलंस का. तिलाही हे माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रात्री झोप लागणं वेगळं. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने कायदा बदलला आणि राज्याच्या शिफारशींसाठी बालरोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर यांच्या संघटनांकडे पाहण्याची वाट मोकळी करून घेतली. तिला जरा हायसं वाटलं. डिसेंबरात पुन्हा तेच. आईची हिपॅटायटिस बीची तपासणी निगेटिव्ह असेल तर बाळाला जन्मतःच लस द्यायची की नाही हे पालक आणि डॉक्टरांनी ठरवावं, असं सीडीसीने म्हटलं. ती मात्र पहिल्या चोवीस तासांत देतेच. जन्माच्या वेळी हा विषाणू लागला तर दहातल्या नऊ बाळांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो, हे आम्ही दोघी ससूनच्या वॉर्डात उभ्या राहून शिकलो. आपल्याकडे सरकारी कागदावरही हा डोस पहिल्या चोवीस तासांतलाच आहे. पुण्यात शिकलेली सरकारी रीत पाळली म्हणून अमेरिकेत सरकारी मार्गदर्शनापासून ढळल्याचा शिक्का! मला हसू आलं, तिला आलं नाही.

गंमत अशी की तिच्याच भागात दहा वर्षांपूर्वी वारं नेमकं उलटं होतं. डिसेंबर २०१४ मध्ये डिस्नेलँडमधून गोवराची साथ पसरली आणि पुढच्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, की शाळेत जायचं तर लस हवी, 'आमचा विश्वास नाही' हे कारण चालणार नाही. उरली फक्त वैद्यकीय सवलत, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. आणि चिठ्ठीला गिऱ्हाईक मिळू लागलं.

त्या काळातलं सगळ्यात गाजलेलं नाव ऑरेंज काउंटीतल्या डॉ. बॉब सिअर्स यांचं. लसी सावकाश, अंतरा-अंतराने द्या असं सांगणारं वेगळं वेळापत्रक मांडून ते प्रसिद्ध झाले होते. २०१६ मध्ये बोर्डाने त्यांच्यावर आरोपपत्र ठेवलं आणि २०१८ मध्ये तडजोड होऊन ३५ महिन्यांचं प्रोबेशन, म्हणजे बोर्डाच्या देखरेखीखाली प्रॅक्टिस, लागलं. लसींबद्दल वेगळं मत मांडलं म्हणून त्यांना धरलं, असं आजही लोक सांगतात. आरोप मुळात तो नव्हताच. दोन वर्षांच्या एका मुलाला त्यांनी पुढच्या सगळ्या लसींतून सूट देणारं पत्र लिहिलं होतं. आधीच्या लसींनंतर मूल लुळं पडलं, असं आई सांगत होती. बोर्डाचं म्हणणं असं, की आधीचे कागद न मागवता, पुरेशी माहिती न घेता, केवळ त्या शब्दावर आयुष्यभराची सूट लिहून दिली. ती हकीकत खरी असेल तर चौकशी जास्त कसून हवी होती. खरी नसेल तर पत्र नको होतं. दोन्हीकडून कागद कोराच.

मला त्यांची बाजू घ्यायची नाही. लसी लांबवत नेण्याच्या त्यांच्या वेळापत्रकाने मुलं जास्त दिवस उघडी राहतात आणि बदल्यात काही मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ही केस मी ज्युनियर मुलांना मुद्दाम सांगते. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने आणखी एक कायदा केला: ठरावीक फॉर्म, आणि वर्षात पाच किंवा जास्त सवलती लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या कागदांची तपासणी. लायसन्स कुठे अडकतं ते यावरून कळतं. ते अडकतं सहीत.

आपल्याकडेही तसंच आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत साफ लिहिलंय, की खोटं, दिशाभूल करणारं किंवा गैर प्रमाणपत्र दिलं तर नाव रजिस्टरवरून काढता येतं. दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंदवही ठेवा, त्यात पेशंटची सही किंवा अंगठा घ्या, हेही त्यातच आहे. किती दवाखान्यांत ती वही असते कोण जाणे. मागे एक गृहस्थ आले. मुलीला शाळेत घालायचं होतं, लसी घेतलेल्या नव्हत्या, घ्यायच्याही नव्हत्या. "ॲलर्जी आहे एवढं लिहून द्या," म्हणाले. मी म्हटलं, ॲलर्जी कशाची, कधी, काय झालं? काहीच झालं नव्हतं. मी म्हटलं, पालकांनी समजावूनही नाकारलं असं लिहून देते, ते खरं आहे. ते त्यांना नको होतं. दुसरीकडे मिळालं असेल. सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये म्हटलंय की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. नाकारायचा हक्क त्यांचा आहेच, पण त्या हक्कासाठी माझी खोटी सही कशाला हवी?

त्या निकालातले अर्जदार डॉ. जेकब पुलियल हे स्वतः बालरोगतज्ज्ञ आणि लसीकरणावर केंद्र सरकारला सल्ला देणाऱ्या समितीचे माजी सदस्य. त्यांच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही. पण माणूस कोर्टात उघड उभा राहिला, चाचण्यांची माहिती लोकांसमोर ठेवा म्हणाला, आणि कोर्टाने सरकारचं धोरण अवाजवी नाही असं म्हणत असतानाच माहिती खुली करायलाही सांगितलं. मतभेदाची ही रीत मला पटते. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कोविडबद्दल पेशंटला 'चुकीची माहिती' सांगणं हाच गैरव्यवहार ठरवणारा कायदा केला होता. फेडरल कोर्टाने संदिग्ध म्हणून तो रोखला आणि पुढे राज्यानेच मागे घेतला. बरं झालं. आज जे 'सर्वमान्य' आहे ते उद्या कोण ठरवणार, हे माझ्या मैत्रिणीने आता पाहिलंच आहे.

आता माझी एक गोष्ट. २०२२ च्या पावसाळ्याअखेर मालेगावहून आठ महिन्यांची एक मुलगी आली. वडील यंत्रमागावर कामाला. सात दिवस ताप, ओठ लालभडक, डोळे लाल, बोटांच्या टोकाशी सालपटं सुटायला लागलेली. कावासाकी, म्हणजे रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार. हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू नयेत म्हणून वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम या हिशेबाने आयव्हीआयजी दिलं. हे औषध म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या केलेल्या अँटिबॉडीज. त्यात गोवराविरुद्धच्याही असतात, आणि त्या पुढे दिलेल्या गोवराच्या लसीतला जिवंत विषाणू रुजायच्या आधीच संपवतात. म्हणून पुस्तकी नियम असा, की एवढ्या डोसनंतर अकरा महिने गोवराची लस देऊ नये. दिली तर अपाय नाही, फक्त ती वाया जाते. मुलीची नवव्या महिन्याची लस अशी पुढच्या ऑगस्टवर गेली.

आणि त्याच हिवाळ्यात गोवर आला. गोवंडी, भिवंडी, मालेगाव. केंद्राने कळवलं, की साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक डोस जादा द्या, आणि नऊ महिन्यांखालची मुलं बरीच सापडत असतील तिथे सहाव्या महिन्यापासून द्या. आशाताई घरोघर हिंडत होत्या आणि त्यांच्या यादीत या मुलीचं नाव 'राहिलेली' म्हणून होतं. शेजारच्या दोन घरांत पुरळ उठलेली पोरं. बाप फोनवर विचारत होता, "मॅडम, तुम्ही नको म्हणता, ताई घ्या म्हणते. करू काय?"

एका कागदावर थांबा होतं, एकावर द्या होतं. औषधातून मिळालेल्या अँटिबॉडीज थोडंफार रक्षण करत असतील, पण किती आणि कुठवर ते सांगता येत नाही. हृदयाचा एको नॉर्मल होता. मुंबईतल्या माझ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, धोका दारात असेल तर दे, आणि दिली नाही असं समज. पुस्तकातही एका ओळीत हेच आहे: साथीत देता येते, मात्र मुदत संपल्यावर पुन्हा द्यायची. मी आईबापांना बोलावलं, दिली, आणि केसपेपरवर सगळं लिहिलं: आजार, आयव्हीआयजीची तारीख आणि डोस, शेजारी गोवर, सरांशी बोलणं झाल्याची वेळ, आईला काय सांगितलं, आईने काय विचारलं. कार्डावर लाल पेनाने लिहिलं, 'हा डोस मोजू नये.'

कार्डावरचे चौकोन छोटे असतात. माझी ओळ चौकोनाबाहेर जाऊन पोलिओच्या डोक्यावर चढली. ऑगस्टमध्ये मी पुन्हा डोस दिला तेव्हा तिकडच्या सिस्टरने दोन झाले म्हणून नाव पूर्ण झालेल्यांत टाकलं. काही महिन्यांनी मी आणखी एक द्यायला सांगितला तर तिथल्या मेडिकल ऑफिसरांचा फोन आला, अगदी अदबीने, पण आवाजात थोडी कुरबुर. "मॅडम, तिसरा कशासाठी? आमच्याकडे असं काही गाइडलाइनमध्ये नाही." मी केसपेपर काढून वाचून दाखवला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "याचा फोटो पाठवता का? मला पण लागेल."

आता ती धडधाकट आहे. पण डोस दिला त्या रात्री तिला आकडी आली असती तर? लसीचा काही संबंध नसता तरी? साध्या तापानेही वर्षभराच्या मुलांना आकडी येते. पहिलं बोट मात्र मी वेगळं काय केलं होतं त्यावरच गेलं असतं.

हे आपल्या परळच्या हाफकिनइतकं कुणाला माहीत नसेल. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे मागणी एवढी वाढली की बनवण्याची रीत त्यांनी बदलली. तोवर लसीत कार्बोलिक ॲसिड हे जंतुनाशक घालत. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या पद्धतीप्रमाणे त्यांनी ते वगळलं आणि उष्णतेने निर्जंतुक करण्यावर भर ठेवला. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवालमध्ये एका दिवसात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले आणि सगळे एकाच बाटलीतले. चौकशी आयोगापुढे प्रश्न एकच: कार्बोलिक का काढलं? हाफकिन निलंबित झाले, हिंदुस्थान सोडून गेले. प्रत्यक्षात ती बाटली उघडताना तिथल्या साहाय्यकाचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकमध्ये नुसता बुचकळून त्याने बूच काढलं होतं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने पुरावे पुन्हा तपासले. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं, आणि त्याच वर्षी सरकारने हाफकिन यांच्यावरचा ठपका काढला. तोवर मुंबईची जागा दुसऱ्याला गेली होती. त्यांना कलकत्त्याला जावं लागलं. प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं १९२५ मध्ये.

पाच वर्षं! आणि तेही मागे रॉससारखा नोबेल मिळालेला माणूस उभा होता म्हणून. आम्हा गल्लीतल्या डॉक्टरांमागे कोण? जेकब मॅथ्यू खटल्यातला २००५ चा निकाल आहे. त्याप्रमाणे त्या काळी वैद्यकवर्गाला मान्य असलेली एक रीत तुम्ही पाळली असेल, तर दुसरी अधिक चांगली रीत होती एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. म्हणजे आयएपीचा कागद मागे असणं ही लहान गोष्ट नाही. माझ्या मैत्रिणीला एएपीचा आहे. जास्तीची लस देणाऱ्याला असा आधार बहुधा सापडतो. लस न देणाऱ्याला तो त्या एका मुलाच्या शरीरातच शोधावा लागतो: स्टिरॉइडचा डोस, अँटिबॉडीजची तारीख, खरी ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी. तिथे सापडला नाही तर तो दुसरीकडे कुठेच नसतो.

माझ्याकडच्या ज्युनियरने यावर तोडगा काढलाय. त्याने दोन पानी छापील कन्सेंट करून घेतला, मराठीत, बारीक टायपात. सगळे धोके, खाली सही. सगळ्या मुलांना तोच. मी त्याला म्हटलं, अरे, यात कुठलंच मूल दिसत नाही. तो म्हणाला, "मॅडम, कौन्सिलला सही दिसते." मी रोज हाताने लिहीत बसते म्हणून बाहेर रांग लांबते, हेही तो म्हणतो आणि त्यात त्याचं काही खोटं नाही. रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यावं लागतं, तेव्हा माझं अक्षर कुणाला लागणार आहे! आमचा वाद मिटलेला नाही. फॉर्म छापून आले आहेत.

गेल्या आठवड्यात मैत्रिणीने नाव पुसून एका बाळाची नोंद मला वाचायला पाठवली. आई निगेटिव्ह, सीडीसी काय म्हणते, एएपी काय म्हणते, घरात आजोबांचा हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणून जन्मतः डोस दिला. चांगली होती. मी म्हटलं, आईने काय विचारलं ते कुठंय? तिच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकाना नाही म्हणाली.

"मग 'इतर'मध्ये लिही."

"'इतर'मध्ये अडीचशे अक्षरंच बसतात गं."

"पुरतील. काय विचारलं होतं तिने?"

"हेच, की सरकार नको म्हणतंय तर तुम्ही का देताय."